परदेशी पाहुण्याला नागपूर कसं समजवायचं

माझी गाडी ताडोबा-पेंचच्या पाहुण्यांसाठी चालते. विमानतळाबाहेर पडताच एका जर्मन बाईंनी विचारलं, “संध्याकाळी मुंबईत जेवून परत येऊ?” हसू नका बाप्पा. त्यांना दिल्ली, मुंबई, आग्रा माहीत असतं, बाकी सगळं धूसर.

आपलं तरी काय? ब्राझीलची शहरं सांगा म्हटलं की रिओ, साओ पाउलो, पुढे गाडी अडते. 1960 पासून राजधानी ब्राझिलिया आहे, हे किती जणांना आठवतं? हे आधी स्वतःला विचारा, म्हणजे आवाजातला टोमणा आपोआप जातो.

मग मुंबईचं अंतर त्यांच्या मापानं सांगा. “आठशे किलोमीटर” नुसतं कानावरून जातं. बर्लिन-म्युनिक रस्त्यानं साधारण 585, आमचा समृद्धी महामार्गच 701, असं म्हटल्यावर बाईंनी मोबाईल काढून पाहिलं आणि जेवणाचा विषय संपला.

झिरो माईलला, म्हणजे अंतरं मोजायच्या जुन्या खुणेपाशी, गाडी थांबवा. दगडी खांब आणि ते चार घोडे पाहून पाहुणा स्वतःच प्रश्न विचारतो. भाषण करू नका.

जपानी पाहुणे असले तर निराळं. त्यांच्यापैकी काहींना दीक्षाभूमी आधीच ठाऊक असते, कामठीचं ड्रॅगन पॅलेस हे बौद्ध मंदिरही. तिथं आपणच ऐकायचं.

वाघाचं नाव शेवटी काढा. आधी काढलं की शहर कुणी बघतच नाही, आणि संत्रा बर्फीचं दुकान तर राहूनच जातं.