व्हॅल्प्रोएटची गोळी चालू आहे आणि मूल हवंय? आधी कालनिर्णय काढा

आमच्या घरी तिला 'झोपेची गोळी' म्हणायचे. होती फिट्सची, पण रात्री घेतली की मी सकाळी नऊपर्यंत पेंगायची, म्हणून ते नाव पडलं. सहा वर्षं घेतली. पोटातल्या बाळाच्या मेंदू-मणक्याला ती धोक्याची आहे, हे त्या सहा वर्षांत मला कुणीही सांगितलं नाही.

तर आधी स्ट्रिप उलटी करा. मोठ्या अक्षरातलं नाव सोडा, बारीक अक्षरं वाचा. सोडियम व्हॅल्प्रोएट, व्हॅल्प्रोइक ॲसिड, डायव्हॅल्प्रोएक्स ही एकाच घरातली भावंडं. अर्धशिशी आणि बायपोलर या मनाच्या आजारासाठीही ती देतात, तेव्हा 'मला कुठे फिट येते' म्हणून सुटू नका.

मग भिंतीवरचं कालनिर्णय काढा. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसावर खूण करा. त्यानंतर दोन आठवड्यांनी गर्भ राहिला असं धरा आणि तिथून 28 दिवस मोजा. ज्या नळीतून मेंदू आणि मज्जारज्जू घडतो, ती एवढ्या दिवसांत मिटते. खालच्या बाजूला मिटली नाही तर मणका उघडा राहतो, तो स्पायना बिफिडा. आता पाळी चुकायची तारीख बघा. हातात उरले जेमतेम दोन आठवडे, आणि त्यातला एक 'उशीर झाला असेल' म्हणण्यातच जातो.

फ्रान्समध्ये हे औषध 1967 पासून विकत होते. लिऑं शहरात जन्मदोषांच्या नोंदी बघणाऱ्या एलिझाबेथ रॉबेर यांच्या लक्षात हा संबंध आला तो 1982 मध्ये. पंधरा वर्षं! आज माहीत आहे ते असं: गरोदरपणी ही गोळी घेतलेल्या 100 जणींत एक-दोघींच्या बाळाला स्पायना बिफिडा होतो. सगळे मोठे जन्मदोष धरले तर 100 मागे साधारण 10. एरवी हेच 2 ते 3 असतात. शिवाय 100 मागे 30 ते 40 मुलांना चालणं, बोलणं, शिकणं जड जातं. डोस जास्त तसा धोका जास्त.

हे वाचून आज रात्रीची गोळी चुकवायची नाही. अचानक बंद केली तर झटक्यामागून झटके येऊन जीवावर बेतू शकतं. दिवस गेले असतील तरीही गोळी चालू ठेवून त्याच दिवशी मेंदूविकार डॉक्टरांना फोन करायचा.

दिवस गेले नसतील तर लग्न ठरतानाच त्यांच्याकडे जा. 'मूल हवंय, गोळी बदलता येईल का?' असं सरळ विचारा. माझी लॅमोट्रिजिन या फिट्सच्याच दुसऱ्या गोळीवर बदलली. ती हळूहळूच वाढवतात, नाहीतर अंगावर पुरळ उठून प्रकरण चिघळतं. माझे पाच महिने गेले. तेवढे दिवस स्कूटी बंद, नदीवर पोहणं बंद, आणि एकदा पोळ्या लाटताना झटका आलाच. प्रत्येक झटक्याची तारीख वहीत लिहा. डोस ठरवताना ती वहीच कामाला येते.

फॉलिक ॲसिडही आधीपासून लागतं. मला 5 मिलिग्रॅमची दिली होती. तुमचा डोस डॉक्टर ठरवतील. मात्र 'फॉलिक घेते, मग व्हॅल्प्रोएट चालेल' हा हिशोब चुकीचा. तो धोका तिने पुसला जात नाही.

गरोदरपणात लॅमोट्रिजिनची रक्तातली पातळी उतरते, म्हणून माझा डोस दोनदा वाढवावा लागला. सासूबाईंना वाटलं, आजार बळावला. त्यांना एकदा डॉक्टरांसमोरच बसवलं, मग घरात शांतता झाली.