ज्यू समाजासाठी असलेलं सरकारी संरक्षण वापरायचं कसं: तक्रार, बंदोबस्त, दाखले आणि कबरस्तानाचा सातबारा

मागे आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकाने फॉरवर्ड टाकला, ज्यू लोकच जगातले सगळे पैसे आणि न्यूज चॅनेल चालवतात वगैरे, आणि शेवटी हिटलरचं बरोबरच होतं असं. त्याच ग्रुपमध्ये दुसऱ्या मजल्यावरच्या काकू आहेत, बेने इस्राएल म्हणजे कोकणातले मराठी ज्यू, तीन पिढ्या ठाण्यात, घरात बोलतात ते मराठीच, आणि एलियाहू हनाबीचा (एलिया प्रेषिताच्या नावाचा) मलिदा केला की पोह्या-खोबऱ्याची एक वाटी आमच्याकडे येतेच. त्यांनी तो मेसेज वाचला होता. मी विचारलं तर म्हणाल्या, जाऊ दे गं, कुठे तक्रार करायची आणि कोण ऐकणार. मला ते फार लागलं. मग मी बसून नीट शोधलं की सरकारने या समाजासाठी नक्की काय काय करून ठेवलंय आणि ते आपण वापरायचं कसं, काकूंसारख्यांनी पण आणि त्यांच्या शेजाऱ्यांनी पण. ते सगळं इथे लिहितेय.

२०११ च्या जनगणनेत अख्ख्या भारतात ज्यू पाच हजार सुद्धा भरले नाहीत, आणि त्यातले निम्म्याहून जास्त महाराष्ट्रात. पेणकर, रोहेकर, दिवेकर, किहीमकर ही आडनावं बघा, सगळी रायगडातल्या गावांवरून. नवगावच्या किनाऱ्याजवळ गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बाया वाचल्या, मग पिढ्यानपिढ्या तेलाचे घाणे चालवले आणि शनिवारी घाणा बंद म्हणून लोक शनवार तेली म्हणायला लागले, ही त्यांची कहाणी कोकणात बऱ्याच जणांना माहीत असते. इतक्या शतकांत इथल्या लोकांनी त्यांना धर्मावरून त्रास दिला नाही, याचा आपल्याला अभिमान आहे आणि असावाच, पण त्यामुळेच "आपल्याकडे असलं काही होत नाही" म्हणून आपण सोडून देतो आणि बाहेरून आलेला द्वेष फोनमधून थेट घरात शिरतो.

सगळ्यात आधी ओळखायचं कसं ते. इस्रायल सरकारच्या धोरणावर टीका करणं, युद्धाच्या विरोधात बोलणं, हा ज्यूद्वेष नाही. २०१६ साली इंटरनॅशनल होलोकॉस्ट रिमेंब्रन्स अलायन्सने (होलोकॉस्ट म्हणजे नाझींनी केलेला ज्यूंचा संहार, त्याची आठवण जपणारी ही देशांची संघटना) जी व्याख्या केली, जी बऱ्याच देशांची सरकारं वापरतात, तिच्यात पण स्पष्ट लिहिलंय की दुसऱ्या कुठल्याही देशावर करतो तशी टीका केली तर तो ज्यूद्वेष नाही. पण तिकडे गाझात काय झालं याचा जाब ठाण्यातल्या काकूंना विचारणं, होलोकॉस्ट झालाच नाही म्हणणं, साठ लाख माणसं मारली त्याचं कौतुक करणं, सगळे ज्यू मिळून जगाविरुद्ध कट करतात म्हणणं, हा ज्यूद्वेषच आहे. आपल्याकडे हिटलरचं नाव "कडक शिस्त" या अर्थाने सहज घेतात, वाईट हेतू नसतो, पण समोरच्यावर काय होतं ते बघा. २००६ मध्ये नवी मुंबईत खारघरला हिटलरच्या नावाचं रेस्टॉरंट उघडलं होतं, मुंबईच्या ज्यू समाजाने जाऊन भेट घेतली, समजावलं आणि मालकाने नाव बदललं. म्हणजे प्रत्येक वेळी पोलिसातच जावं लागतं असं नाही. आणि हो, आपलं स्वस्तिक आणि नाझींचं चिन्ह यात गल्लत करू नका, दारावरच्या रांगोळीतलं स्वस्तिक पुसायला कुणी सांगत नाहीये, पण भिंतीवर लाल रंगावर पांढऱ्या गोलात तिरकं काळं चिन्ह कुणी सिनेगॉगजवळ, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळाजवळ, काढलं असेल तर ते शुभ म्हणून काढलेलं नाही हे उघड आहे.

आता तक्रार. आपल्या कायद्यात ज्यूद्वेष असा वेगळा गुन्हा नाही, पण कलमं आहेत, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली तिच्यात. कलम १९६ धर्मावरून समाजासमाजात वैर वाढवण्याचं, तीन वर्षांपर्यंत शिक्षा आणि प्रार्थनास्थळात केलं तर पाच. २९८ प्रार्थनास्थळाची नासधूस किंवा विटंबना. २९९ मुद्दाम धार्मिक भावना दुखावणं. ३०० चालू प्रार्थनेत गोंधळ घालणं, आणि ३०१ कबरस्तानात घुसून अपमान करणं. पोलीस स्टेशनला जाताना हे नंबर कागदावर लिहून न्या, खरंच फरक पडतो, समोरचा अधिकारी पण मग नीट ऐकतो कारण ज्यूंबद्दलची तक्रार त्याच्याकडे आयुष्यात पहिल्यांदाच आलेली असण्याची शक्यता खूप असते.

पुरावा आधी, भांडण नंतर. हे मी चुकले म्हणून सांगतेय, मी आधी ग्रुपवर वाद घातला आणि त्या माणसाने मेसेज डिलीट केला, हातात काही उरलं नाही. तर आधी स्क्रीनशॉट, त्यात तारीख, वेळ, नंबर, ग्रुपचं नाव दिसलं पाहिजे, मग चॅट एक्स्पोर्ट करून ठेवा, आणि ज्या फोनवर आलं तो फोन फॉरमॅट करू नका कारण पुढे मूळ फोन मागू शकतात. त्यानंतर अ‍ॅडमिनला सांगा, तो सगळ्यांसाठी मेसेज काढू शकतो. मेंबरने काहीही टाकलं म्हणून अ‍ॅडमिन आपोआप गुन्हेगार ठरत नाही, मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये तसं सांगितलंय, त्यामुळे अ‍ॅडमिनला धमकावून उपयोग नाही, नीट विनंती करा. फेसबुक-इन्स्टावर असेल तर त्या कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लिहा, २०२१ च्या आयटी नियमांप्रमाणे त्यांना २४ तासात पोच आणि ठरलेल्या मुदतीत निकाल द्यावा लागतो. नॅशनल सायबर क्राइम पोर्टलवर पण तक्रार टाकता येते. १९३० हा नंबर मुख्यतः पैशाच्या ऑनलाइन फसवणुकीसाठी आहे, यासाठी त्यावर वेळ घालवू नका. आणि कुणी धमकी देतोय, दारात उभा आहे, दगड मारतोय, अशा वेळी काही शोधत बसायचं नाही, थेट ११२.

एफआयआर कुठल्याही पोलीस स्टेशनला देता येतो, हद्द आमची नाही म्हणून परत पाठवता येत नाही, त्याला झिरो एफआयआर म्हणतात. ऑनलाइन दिला तर तीन दिवसात जाऊन सही करावी लागते. तीन ते सात वर्षांच्या शिक्षेच्या गुन्ह्यात पोलीस आधी १४ दिवसांची प्राथमिक चौकशी करू शकतात, म्हणून लगेच एफआयआर नंबर मिळाला नाही तर घाबरू नका पण तक्रारीची शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय उठू नका. घेतच नसतील तर वरिष्ठांना, म्हणजे जिल्ह्यात एसपी आणि शहरात डीसीपींना, लेखी पाठवा, तरी नाही झालं तर मॅजिस्ट्रेटकडे. १९६ आणि २९९ मध्ये कोर्टाने दखल घेण्याआधी सरकारची मंजुरी लागते, त्यामुळे वेळ जातो, हे आधीच माहीत असलेलं बरं. सुप्रीम कोर्टाने २८ एप्रिल २०२३ ला सगळ्या राज्यांना सांगितलंय की द्वेषपूर्ण भाषणावर तक्रार आली नाही तरी पोलिसांनी स्वतःहून गुन्हा नोंदवावा, ते पण तक्रारीत एका ओळीत लिहा.

बंदोबस्ताचा विषय जास्त गंभीर आहे. २६/११ ला कुलाब्याच्या नरिमन हाऊसवर, म्हणजे छबाद या ज्यू संस्थेच्या केंद्रावर, हल्ला झाला तो तिथे ज्यू राहतात म्हणूनच झाला, तिथले रब्बी (ज्यू धर्मगुरू) गॅव्रिएल होल्ट्झबर्ग, त्यांची बायको रिव्का आणि आणखी चौघे गेले, एनएसजीचे गजेंद्रसिंह बिष्ट तिथेच शहीद झाले. तेव्हापासून मुंबईतल्या सिनेगॉगवर पोलीस दिसतात. २०२३ च्या जुलैमध्ये पकडलेल्या संशयितांकडे त्याच छबाद हाऊसचे फोटो सापडल्यावर तिथला पहारा परत वाढवला, म्हणजे हे जुनं झालेलं प्रकरण नाही.

सिनेगॉगच्या ट्रस्टवर काम करणाऱ्यांसाठी: सणाच्या तारखा दरवर्षी बदलतात, आपल्या पोलिसांना दिवाळी-ईद पाठ असते पण रोश हशाना (ज्यूंचं नवं वर्ष) कधी ते कळायचा काही मार्ग नाही, म्हणून महिनाभर आधी स्थानिक पोलीस स्टेशनला इंग्रजी तारखा, वेळ, अंदाजे किती माणसं येणार, आणि एका जबाबदार माणसाचा फोन असं पत्र द्या. मागच्या वर्षी दिलं होतं म्हणून यंदा सोडू नका, अधिकाऱ्याची बदली झालेली असते. नव्याचा सण आणि दारफळणीचा सण ही नावं जुन्या बेने इस्राएल घरांमधली, नव्याचा सण म्हणजे रोश हशाना आणि दारफळणी म्हणजे योम किप्पूर, प्रायश्चित्ताचा दिवस, त्या दिवशी सगळा समाज दिवसभर उपाशी सिनेगॉगमध्ये एकत्र असतो आणि मारेकऱ्यांना पण हे माहीत असतं. जर्मनीत हाले शहरात ९ ऑक्टोबर २०१९ ला योम किप्पूरच्याच दिवशी हल्लेखोर आला, आत पन्नासेक माणसं होती, लाकडी दार फुटलं नाही म्हणून ती वाचली, बाहेर मात्र दोघांचा जीव गेला. मँचेस्टरला २ ऑक्टोबर २०२५ ला परत योम किप्पूर, दोन माणसं गेली. म्हणून पत्रात या दिवसाखाली रेघ मारा. आणि दार, कडी, बिजागरी तपासून घ्या, कॅमेऱ्याआधी दार.

बाहेरच्या देशांत सरकार यासाठी थेट पैसे देतं. ब्रिटनमध्ये सिनेगॉग आणि ज्यू शाळांच्या गार्डचा खर्च सरकारी अनुदानातून होतो, अमेरिकेत फेमा या सरकारी आपत्ती व्यवस्थापन संस्थेमार्फत नॉनप्रॉफिट सिक्युरिटी ग्रँट मिळते ज्यातून गेट, कॅमेरे बसवता येतात, आणि ती फक्त ज्यूंसाठी नाही, अमेरिकेतल्या मराठी मंडळींनी लक्षात घ्या, धोका असलेलं देऊळ किंवा नोंदणीकृत ना-नफा संस्था पण अर्ज करू शकते. आपल्याकडे पोलीस मिळतात पण दार-कॅमेऱ्याला ट्रस्टलाच खिसा रिकामा करावा लागतो, आणि चार-पाच घरं उरलेल्या गावच्या ट्रस्टकडे तेवढे पैसे कुठून असणार, यावर सरकारने काहीतरी करायलाच हवं असं मला मनापासून वाटतं.

बघायला जाणाऱ्यांनी पण थोडं सांभाळा. काळा घोड्याची केनेसेथ एलियाहू (१८८४), भायखळ्याची मागेन डेव्हिड, पुण्याचं लाल देऊळ म्हणजे ओहेल डेव्हिड (१८६७), मशीद बंदरजवळची १७९६ ची शार हारहामिम, सगळी बघण्यासारखीच. आधी फोन करा, फोटो असलेलं ओळखपत्र मूळ घेऊन जा, मोठी सॅक नेऊ नका, पोलिसाने विचारलं तर चिडू नका. शुक्रवार संध्याकाळ ते शनिवार संध्याकाळ शब्बाथ म्हणजे विश्रांतीचा पवित्र दिवस, तेव्हा पर्यटक म्हणून जाऊच नका. डोकं झाकायचं. आतल्या रंगीत काचांचे फोटो परवानगीने काढा, पण बाहेरची पोलीस चौकी, बॅरिकेड, कॅमेरे कुठे आहेत, गेट कधी उघडतं याचे फोटो आणि रील अजिबात टाकू नका, अशा फोटोंनीच रेकी होते. शेजारी दुकानदार असाल तर शनिवारी जास्त लक्ष ठेवा, कारण धार्मिक ज्यू माणूस त्या दिवशी एरवी फोन लावत नाही, जीव वाचवायला धर्म परवानगी देतो पण तुम्ही आधी ११२ लावलात तर तेवढा वेळ वाचतो.

दाखल्यांचं थोडक्यात. महाराष्ट्र सरकारने जून २०१६ मध्ये ज्यूंना राज्यात अल्पसंख्याक दर्जा दिला. केंद्राच्या यादीत मुस्लिम, ख्रिश्चन, शीख, बौद्ध, पारशी, जैन असे सहाच आहेत, ज्यू नाहीत, म्हणून केंद्राच्या अल्पसंख्याक योजनेचा फॉर्म भरून नाराज होऊ नका, राज्याच्या अल्पसंख्याक विकास विभागाच्या योजना बघा. मुलाच्या शाळेच्या दाखल्यावर धर्म "ज्यू" असा स्पष्ट लिहिलाय का ते आजच तपासा, "इतर" लिहिलेलं असेल तर शाळा सोडायच्या आधी दुरुस्त करून घ्या, नंतर फार फेऱ्या पडतात. भेदभावाची तक्रार राज्य अल्पसंख्याक आयोगाकडे करता येते.

शेवटचं कबरस्तान, आणि हे मला सगळ्यात तातडीचं वाटतं. रायगडात गावागावात जुनी ज्यू कबरस्तानं आहेत, माणसं इस्रायलला गेली, जागा मागे राहिली, आणि रिकामी जागा कोकणात किती दिवस रिकामी राहते ते तुम्हाला माहितीये. महाभूलेखवर गाव आणि गट नंबर टाकून सातबारा बघा, फुकट दिसतो. गट नंबर माहीत नसेल तर तलाठ्याकडे. मग धर्मादाय आयुक्तांच्या ऑफिसात ट्रस्टच्या नोंदीत ती जमीन आहे का ते बघा. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा १९५०, कलम ३६ प्रमाणे ट्रस्टची जमीन धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीशिवाय विकता येत नाही, पण जमीन नोंदीत असेल तरच हे कलम कामाला येतं. प्रत्येक कबरीचा फोटो काढा, बऱ्याच दगडांवर हिब्रूसोबत मराठी पण कोरलेलं असतं. अतिक्रमण दिसलं तर तहसीलदार आणि पोलीस दोघांना एकाच दिवशी अर्ज द्या, एकाने दुसऱ्याकडे बोट दाखवायला नको.

काकूंच्या आजोबांच्या गावचा गट नंबर त्यांना आठवत नव्हता. एका रविवारी आम्ही दोघी जाऊन आलो, गवत कमरेएवढं होतं, पण शेजारच्या आगरी कुटुंबातल्या आजोबांनी बरोबर कुठली कबर कुणाची ते दाखवलं. तलाठ्याकडून गट नंबर घेतलाय, सातबाऱ्यावर कबरस्तान अशी नोंद आहे. आता ट्रस्टच्या नोंदीची नक्कल मिळाली की काकू अर्ज देणार आहेत.