गाडी मिसिंग मारतेय? पार्ट बदलायच्या आधी या चुका टाळा

सिग्नलला उभी असताना गाडी हादरे देते, चढावर पिकअप घेत नाही, डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा लागतो, आणि गॅरेजमध्ये नेली की बऱ्याचदा बॉनेट उघडायच्या आधीच "प्लग बदलून टाकू" असं ऐकायला मिळतं. मग प्लग बदलतात, फरक पडत नाही, मग कॉइल (प्लगला स्पार्कसाठी व्होल्टेज देणारा पार्ट), मग इंजेक्टर (इंजिनात इंधन फवारणारा पार्ट) क्लिनिंग, बिल वाढत जातं आणि मिसिंग तसंच. मिसिंग म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन नीट न पेटणं, आणि इथे पेट्रोल आणि सीएनजी गाड्यांबद्दलच लिहितोय. माझं म्हणणं एकच आहे, कुठला सिलिंडर आणि कशामुळे हे आधी शोधा, पार्टला हात त्यानंतर लावा.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे दिवा लुकलुकत असताना गाडी तशीच दामटणं. दिवा नुसता लागून राहिला तर हळूहळू गॅरेजपर्यंत जाता येतं, पण लुकलुकतोय म्हणजे न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या लाइनमध्ये जातंय आणि तिथे कॅटलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतंय, त्यात आतली जाळी तापून वितळू शकते. त्या कन्व्हर्टरमध्ये प्लॅटिनम, पॅलेडियम, रोडियम असे महागडे धातू असतात, त्यामुळे कॉइलच्या खर्चात भागलं असतं ते काम कितीतरी पटीने वाढतं. तेव्हा रेस कमी करा, सुरक्षित जागा बघून थांबा आणि टो करून न्या.

दुसरी चूक, दिवा घालवायला बॅटरीचं टर्मिनल काढणं. दिवा जातो, पण त्याच्यासोबत गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेला बिघाडाचा कोडही जातो आणि मिसिंग झालं त्या क्षणी आरपीएम किती होता, इंजिन गरम होतं की थंड, लोड किती होता ही साठवलेली माहितीही जाते. आधी हे कोड वाचणारा ओबीडी स्कॅनर लावा आणि सगळ्याचा फोटो काढून ठेवा. पी०३०१ म्हणजे एक नंबरचा सिलिंडर, पी०३०२ म्हणजे दोन नंबरचा, असं पुढे, आणि पी०३०० म्हणजे मिसिंग एका ठिकाणी नाही, वेगवेगळ्या सिलिंडरमध्ये होतंय. आता पी०३०२ आला म्हणजे दोन नंबरची कॉइल गेली असा अर्थ नाही, कोड फक्त जागा सांगतो, कारण सांगत नाही. एक नंबर कुठल्या बाजूचा हेही मॅन्युअलमध्ये बघून घ्या.

कारण शोधायचं तर अदलाबदल करा, याला नवीन पार्ट लागतच नाही. प्रत्येक प्लगवर वेगळी कॉइल असेल तर इंजिन बंद, चावी बंद, थोडं थंड होऊ द्या, मग दोन नंबरची कॉइल तीनवर आणि तीनची दोनवर लावा, कोड इरेज करा आणि ज्या परिस्थितीत मिसिंग होत होतं तशीच गाडी चालवा. घाटात लोडवर होत असेल तर सपाट रस्त्यावर चक्कर मारून काही कळणार नाही, आणि काही कॉइल गरम झाल्यावरच दगा देतात. कोड पी०३०३ झाला तर कॉइल खराब. दोनवरच राहिला तर प्लगची अदलाबदल, तरीही तिथेच असेल तर इंजेक्टर आणि त्याचं वायरिंग बघा (उंदरांनी वायर कुरतडलेली असणं आपल्याकडे अजिबात दुर्मिळ नाही). पण एका वेळी एकच गोष्ट बदला, दोन एकदम बदलल्या तर कशामुळे फरक पडला ते कळतच नाही.

सीएनजी असेल तर अजून सोपी टेस्ट आहे आणि ती बरेच जण करतच नाहीत, गाडी पेट्रोलवर टाकून बघा. सीएनजी पेटवायला प्लगवर जास्त व्होल्टेज लागतं, म्हणून कमजोर कॉइल किंवा गॅप वाढलेला प्लग पेट्रोलवर निभावून नेतो आणि सीएनजीवर उघडा पडतो. फक्त पेट्रोलवर मिसिंग असेल तर पेट्रोलचे इंजेक्टर, पंप तपासा.

प्लग काढला की तो नीट न बघता फेकून देऊ नका. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त जातंय किंवा एअर फिल्टर तुंबलाय. पेट्रोलने ओला म्हणजे बहुतेक स्पार्कच पडत नाहीये. प्लगच्या खड्ड्यात ऑइल साचलं असेल तर वरच्या कव्हरचं गॅस्केट किंवा सील गेलंय, ते न बदलता नवी कॉइल लावली तर तीही खराब होणार. इंजिन प्रेशरने धुतल्यावर लगेच मिसिंग सुरू झालं तर त्याच खड्ड्यात पाणी शोधा.

चालू इंजिनवर प्लगची वायर ओढून स्पार्क बघायची जुनी सवय सोडा, तिथे हजारो व्होल्ट असतात. प्लग गरम इंजिनमध्ये काढू-बसवू नका, ॲल्युमिनियमच्या हेडचे आटे जातात. नवीन प्लग आधी हाताने फिरवून घ्या, मग मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कला आवळा.

फक्त स्लोला हादरे आणि रेस दिली की गाडी सुरळीत, असं असेल तर कॉइलच्या मागे लागण्याआधी इनटेकला कुठून फालतू हवा घुसतेय का, एखादा व्हॅक्यूम पाइप फाटलाय का ते बघा. पेट्रोल भरल्याबरोबर सगळेच सिलिंडर मिस व्हायला लागले तर टाकीत पाणी आहे का तपासा. आणि कोड एकाच सिलिंडरवर असून कॉइल, प्लग, इंजेक्टर तिन्ही ठीक निघाले तर कम्प्रेशन टेस्ट करा, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये दाब किती बनतो ते मोजा. एक सिलिंडर बाकीच्यांपेक्षा बराच कमी निघाला तर त्यात थोडं इंजिन ऑइल टाकून परत मोजायचं, आकडा चढला तर पिस्टनच्या रिंगा गेल्यात, नाही चढला तर संशय व्हॉल्व्हवर किंवा हेड गॅस्केटवर, आणि सीएनजीवर भरपूर चाललेल्या गाडीत टॅपेट (व्हॉल्व्ह दाबणारे पार्ट) टाइट झालेत का ते हेड उतरवायच्या आधी तपासून घ्यायला सांगा.