तरंगलांबी काढताना घात सांभाळा

सूत्र एका ओळीचं आहे: तरंगलांबी = प्रकाशाचा वेग ÷ वारंवारता. तरी वह्या तपासताना सर्वाधिक लाल खुणा मला याच गणितावर कराव्या लागतात. सूत्र सहसा बरोबर असतं, चुकलेला असतो तो १० चा घात.

सगळ्यात फसवी चूक कॅल्क्युलेटरवर होते. समजा, वारंवारता ६ × १०^१४ हर्ट्झ आहे. मुलं कागदावर दिसतं तसंच दाबत जातात: ३ × १०^८ ÷ ६ × १०^१४. कॅल्क्युलेटर डावीकडून उजवीकडे जातो, ६ ने भागतो आणि पुढच्या १०^१४ ने चक्क गुणतो. उत्तर येतं ५ × १०^२१ मीटर. ही लांबी आपल्या आकाशगंगेच्या व्यासाच्या कैक पट झाली, आणि ती वहीत निमूटपणे उतरवली जाते! छेद पूर्ण कंसात घाला: ३ × १०^८ ÷ (६ × १०^१४). आता ५ × १०^-७ मीटर, म्हणजे ५०० नॅनोमीटर मिळतील. हा निळसर हिरवा प्रकाश. घाताचं वेगळं बटण वापरत असाल तर ३, ते बटण, ८ एवढंच दाबा. मध्ये आणखी १० घातला की संख्या दसपट होते.

उत्तर लिहिण्याआधी त्याच्या आकाराकडे एकदा बघाच. दृश्य प्रकाश साधारण ३८० ते ७५० नॅनोमीटरमध्ये बसतो, एफएम रेडिओच्या लहरी सुमारे ३ मीटरच्या असतात.

एफएमवरून आठवलं, १०० मेगाहर्ट्झचे नुसते १०० धरले तर ३,००० किलोमीटर येतात. आधी हर्ट्झ करा, किंवा ३०० ला मेगाहर्ट्झने भागा, उत्तर थेट मीटरमध्ये मिळतं. २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय म्हणजे २,४०० मेगाहर्ट्झ, म्हणून ०.१२५ मीटर.

प्रकाश हवेतून काचेत गेला की वारंवारता तीच राहते, वेग आणि तरंगलांबी घटते. सोडियम दिव्याचा ५८९ नॅनोमीटरचा पिवळा प्रकाश १.५ अपवर्तनांकाच्या (म्हणजे वेग १.५ पट कमी करणाऱ्या) काचेत सुमारे ३९३ नॅनोमीटरचा होतो. तो आकडा बघून ‘काचेत प्रकाश जांभळा झाला’ असं लिहू नका. रंग वारंवारतेवर ठरतो.

वेग ३ × १०^८ धरायला हरकत नाही. नेमक्या २९,९७,९२,४५८ मीटर प्रति सेकंदाशी फरक ०.०७ टक्क्यांचाच आहे. मात्र दिलेला आकडा रेडियन प्रति सेकंदात असेल, तर ती कोनीय वारंवारता आहे. तिला आधी २π ने भागा, नाहीतर तरंगलांबी ६.२८ पट लहान येईल.