रो-हाऊस विकत की फ्लॅट भाड्याने? हप्ता आणि भाडं शेजारी ठेवू नका

भाड्याची तुलना थेट गृहकर्जाच्या हप्त्याशी केली की हिशोब चुकतो. तुलना करायची ती परत न मिळणाऱ्या पैशांची.

1. हप्त्यातली मुद्दल ही आपलीच बचत, ती वगळा. पहिल्या वर्षाचं फक्त व्याज घ्या. बँकेकडून परतफेडीचा तक्ता मागा, त्यात ते लिहिलेलं असतं. सुरुवातीच्या वर्षांत व्याजाचाच वाटा मोठा असतो.
2. त्यात घरपट्टी, विमा, मेंटेनन्स मिळवा. दुरुस्तीसाठी वर्षाला घराच्या किमतीच्या साधारण 1 टक्का धरा, कारण रो-हाऊसचं छत, गळती, बाहेरचा रंग बहुधा आपल्याच अंगावर येतो.
3. डाउन पेमेंटची रक्कम ठेवीत असती तर मिळालं असतं ते व्याजही मिळवा. हे हमखास राहून जातं.

बेरजेला 12 ने भागा आणि मग भाड्याशी ताडून बघा.

आकडा जवळपास आला, तर सहा महिने तालीम करा: हप्ता व इतर खर्च मिळून भाड्यापेक्षा जेवढे जास्त होतील, तेवढे पैसे दर महिन्याला वेगळ्या खात्यात टाका. ओढाताण झाली तर थांबा. जमलं तर डाउन पेमेंटला हातभार लागला.

मात्र दोन-चार वर्षांत गाव सोडायची शक्यता असेल तर भाड्यानेच राहा. खरेदी-विक्रीची नोंदणी आणि दलाली एवढ्या थोड्या काळात सहसा वसूल होत नाही.