गाता येत नाही म्हणणाऱ्यांसाठी कराओकेची तयारी

पहिलं काम गाण्याचं नाहीच. मोबाइलवर रेकॉर्डिंग चालू करा आणि नेहमीसारखं दोन मिनिटं बोला. वर्तमानपत्र मोठ्यानं वाचलंत तरी चालेल. मग ते ऐका. आवाज परका वाटेल, तो सगळ्यांनाच वाटतो. बोलताना आपला आवाज आपल्याला कवटीच्या हाडांतूनही ऐकू येतो आणि म्हणून जास्त भरदार लागतो. रेकॉर्डिंगमध्ये फक्त हवेतून आलेला आवाज असतो. तो आवडला की नाही, हा प्रश्न बाजूला ठेवा. एवढंच बघा, की बोलताना आवाज कुठल्या उंचीवर निवांत राहतो. आत्मविश्वास कमी असेल तर पहिलं गाणं त्या उंचीच्या आसपास फिरणारं हवं. गाण्यावर कितीही जीव असला, तरी ते त्या जागेपासून फार लांब जात असेल तर सध्या राहू द्या.

आता तीन-चार गाणी कागदावर लिहा. आवडती लिहू नका, पाठ असलेली लिहा. हातानं काम चालू असताना नकळत ओठांवर येतात ती. जे गाणं ट्रॅकशिवाय (ट्रॅक म्हणजे गायकाच्या आवाजाविना नुसती वाद्यांची साथ), शब्द न बघता, सुरुवातीपासून शेवटपर्यंत गुणगुणता येतं, तेवढंच यादीत राहील. अर्धवट येणारं गाणं माइकसमोर आणखी अर्धवट होतं, कारण घाबरलेल्या माणसाची सगळ्यात आधी दगा देणारी गोष्ट म्हणजे आठवण.

यानंतरचं काम मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं आणि नेमकं तेच कुणी करत नाही. गाणं आपण निवडतो मुखड्यावरून आणि अडकतो अंतऱ्यात. आपल्याकडच्या बहुतेक चालींमध्ये मुखडा मधल्या सप्तकात (सप्तक म्हणजे एका ‘सा’पासून वरच्या ‘सा’पर्यंतचा टप्पा) रमतो, अंतरा मात्र वर चढतो, कित्येकदा तार सप्तकातल्या षड्जापर्यंत, म्हणजे वरच्या ‘सा’पर्यंत. मुखडा छान जमला म्हणून हुरूप येतो आणि अंतऱ्याच्या दुसऱ्या ओळीला गळा आवळला जातो. माणूस मग घरी जाऊन म्हणतो, ‘मला गाता येत नाही.’ खरं तर त्याची पट्टी, म्हणजे गाण्याचा ‘सा’ ज्या उंचीवर धरला ती, चुकलेली असते. म्हणून प्रत्येक गाण्यातला सगळ्यात उंच शब्द शोधा, त्याखाली रेघ मारा आणि तालीम त्या ओळीपासून सुरू करा. ती ओळ म्हणताना हनुवटी वर उचलली जात असेल, खांदे चढत असतील किंवा ओरडल्याशिवाय सूर लागत नसेल, तर या पट्टीत ते गाणं तुमचं नाही. तसाच सगळ्यात खालचा शब्दही तपासा. तो पुटपुटल्यासारखा झाला तर माइकवर ऐकूच येणार नाही. वाढदिवसाचं जगभर म्हटलं जाणारं इंग्रजी गाणं आठवा: एवढंसं गाणं, पण त्याचा पल्ला पूर्ण एका सप्तकाचा आहे आणि तिसऱ्या ओळीत सूर एकदम सप्तकभर उडी घेतो. पहिला माणूस जरा वरून सुरू झाला की सगळा घोळका त्या ओळीला फुटतो, तो यामुळे.

संथ गाणं सोपं असतं हा समज यादीतून खोडून टाका. लांबवलेला सूर स्थिर ठेवायला दमसास लागतो, आणि वाद्यं शांत असताना आवाजातला थोडासा कंपही उघडा पडतो. फार जलद गाण्यात शब्द पळतात. मध्यम लयीचं, बोलल्यासारख्या चालीचं, छोट्या ओळींचं गाणं सगळ्यात भरवशाचं. ताना आणि आलाप असलेलं नको. एखाद-दुसरी हरकत, म्हणजे सुरांची छोटी नक्षी, असेल तर ती सोडून सूर सरळ लावा, कुणाची काही तक्रार नसते. ध्रुवपद असं हवं, की समोरचे आपसूक साथ देतील. दहा गळे एकत्र आले की आपल्या एकट्या गळ्यावरचा भार उतरतो. मधल्या संगीताचे तुकडेही मोजून ठेवा. अर्धा मिनिट नुसतं उभं राहणं नवख्याला गाण्यापेक्षा जड जातं.

पट्टी बदलण्याबद्दल लोकांना उगाच संकोच वाटतो. कराओके आलं कुठून ते बघा: ‘कारा’ म्हणजे रिकामा आणि ‘ओके’ हे ऑर्केस्ट्राचं जपानी लघुरूप. कोबे शहरात 1971 मध्ये दाइसुके इनोउए यांनी गाणाऱ्याला साथ देणारं असं यंत्र बनवलं. ते स्वतः बारमध्ये गाणाऱ्या ग्राहकांना साथ करणारे वादक होते. एका ग्राहकाला सहलीत साथ हवी होती, इनोउए यांना जाणं जमत नव्हतं, म्हणून त्यांनी त्याच्यासाठी साथ टेपवर वाजवून दिली. म्हणजे गाणाऱ्याला सांभाळून घेण्यातूनच ही गोष्ट जन्माला आली आहे. तेव्हा यंत्रावरची किंवा ॲपमधली पट्टी वर-खाली करणारी अधिक-उणेची बटणं बिनधास्त वापरा. एक पायरी म्हणजे एक अर्धसूर, बारा पायऱ्यांचं एक सप्तक. हार्मोनियमच्या काळी एकमधलं गाणं उणे दोन केलं की पांढरी सातवर येतं, आणि एवढ्यानंही अंतरा पुष्कळदा आवाक्यात येतो. चार-पाच पायऱ्यांपलीकडे गेलात तर वाद्यं ताणल्यासारखी वाजू लागतात. तेव्हा गाणंच बदललेलं बरं. बायकांच्या आवाजातलं गाणं पुरुष म्हणतात तेव्हा ते सहसा एक सप्तक खाली उतरतं आणि फार खर्जात जातं. अशा वेळी पट्टी वाढवावी लागते, हे ध्यानात ठेवा. युगुलगीतात निम्मं ओझं दुसऱ्यावर जातं खरं, पण एकाला सोयीची पट्टी दुसऱ्याला अडचणीची ठरू शकते. आधी दोघांनी मिळून म्हणून बघा.

तालीम मूळ गाण्याबरोबर दोनदाच, पुढची सगळी ट्रॅकवर. मूळ गाण्यात गायक आपल्याला बोट धरून नेतो. ट्रॅकवर ते बोट सुटतं आणि कुठे शिरायचं तेच कळत नाही. प्रत्येक कडव्याआधी मात्रा मोजा किंवा एखाद्या वाद्याची खूण पकडा. वायरलेस हेडफोन लावून ॲपवर रेकॉर्ड केलंत तर आवाज तालामागे पडलेला ऐकू येऊ शकतो. तो उशीर हेडफोनचा असतो, तुमच्या लयीचा नव्हे. वायरचे हेडफोन घ्या. पडद्यावर मराठी शब्द पुष्कळदा रोमन लिपीत येतात आणि ते वाचण्यातच लक्ष जातं, म्हणून देवनागरीत स्वतःच्या हातानं, मोठ्या अक्षरात गाणं लिहून घ्या आणि श्वास घ्यायच्या जागी उभी रेघ मारा.

माइक हातात धरून बघितल्याशिवाय तयारी पुरी होत नाही. माइक नसेल तर पाण्याची बाटली धरा. बुजलेला माणूस माइक छातीपाशी नेतो, मग त्याला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, तो जोर लावतो आणि सूर चढतो. ओठांपासून दोन-तीन बोटांवर, तोंडासमोर धरा. जाळी मुठीत झाकू नका आणि माइकचं तोंड स्पीकरकडे नेऊ नका. दोन्हीनं शिट्टी वाजते.

त्या दिवशी सकाळपासून पाणी पीत राहा. गिळलेलं पाणी स्वरतंतूंना लागत नाही, ओलावा शरीरातून पोचायला वेळ लागतो. ऐन वेळचा घोट फक्त तोंडाची कोरड घालवतो. निघण्याआधी दहा मिनिटं ओठ मिटून गुणगुणा. खाकरून घसा साफ करणं टाळा. नाव लवकर द्या. शेवटी गाऊ म्हणत बसलं की प्रत्येक चांगल्या गाणाऱ्यानंतर धीर थोडा थोडा गळत जातो, आणि हे मी अनेकांच्या चेहऱ्यावर पाहिलं आहे. शेजारी उभं राहायला एक ओळखीचं माणूस आधीच सांगून ठेवा. त्यानं गायची गरज नाही.

गाणं संपवून जागेवर आलात की टाळ्या विरायच्या आत खिशातला कागद काढा आणि वरच्या कोपऱ्यात पट्टी लिहा: ‘उणे दोन, बरोबर’ किंवा ‘उणे दोन, अजून एक खाली’.