फिल्डमध्ये आंघोळ नाही म्हणून रडू नका, आधी या चुका टाळा

नवी मुंबईत, कोपरखैरण्यात आमच्याकडे सकाळी साडेपाचला आर्मी भरतीची पोरं पळायला येतात. बहुतेकांचे आजे-बाप सातारा-सांगलीकडून येऊन एपीएमसीत माथाडी म्हणून लागलेले. मी आर्मीत नर्सिंग असिस्टंट म्हणून सतरा वर्षं काढून आलोय हे सगळ्यांना ठाऊक, त्यामुळे ज्याचं सिलेक्शन होतं तो पेढे घेऊन येतो आणि पेढ्यांबरोबर हटकून तोच प्रश्न, "सर, तिकडं आंघोळीचं काय?" मागच्या महिन्यात तर एका पोराची आईच आली. "भाऊ, माझ्या पोराला तिकडं गरम पाणी तरी मिळंल का?"

ट्रेनिंग सेंटरला मिळतं हो पाणी. पण एक्सरसाइजला, म्हणजे युद्धसरावाला निघाल्यावर, पिकेटवर (पुढच्या चौकीवर), डोंगरात नळ नसतो. कधी वीस लिटरचा एक जरीकॅन आणि माणसं दहा, त्यातच दाढी आणि त्यातच तोंड धुणं. कधी आठवड्यातून एकदा आंघोळीचा तंबू लागतो, लाईन लावायची, अंगाला साबण लागेपर्यंत मागचा ओरडतो "चल रे, झालं". यात कुणी मेलं नाही. १९८४ पासून आपली माणसं सियाचीनवर आहेत, वरच्या पोस्टवर एकेक जण तीन-तीन महिने आंघोळीशिवाय काढतो आणि खाली उतरतो तेव्हा वास मारत असतो पण धडधाकट असतो, कारण तिथे आंघोळीपेक्षा पायाकडे आणि मोज्याकडे जास्त लक्ष असतं. एमआय रूममध्ये, म्हणजे युनिटच्या दवाखान्यात, माझ्यासमोर आंघोळ चुकली म्हणून आजारी पडलेला माणूस आल्याचं मला आठवत नाही, ओलं राहिलं म्हणून आलेले मात्र रांगेने आठवतात.

तर चुका. सगळ्या सारख्या नाहीत, दोन माझ्या खास डोक्यात जाणाऱ्या आहेत, त्यांच्यावर जास्त बोलणार.

ओले मोजे घालून झोपणं

नोव्हेंबरातला एक्सरसाइज, डोंगर, तीन दिवस नुसती रिपरिप. बर्फ नाही, थंडी म्हणाल तर सात-आठ डिग्री असेल, म्हणजे कुणाला भीती वाटावी अशी नाहीच. आमच्यात एक नवीन पोरगा होता, पळायला एक नंबर, पिट्टू पाठीवर घेऊन चढाला सगळ्यांच्या पुढे. त्याच्याकडे मोज्याचे तीन जोड होते, मी स्वतः मोजायला लावले होते. पण ते पिट्टूच्या तळाला आणि वर सगळं सामान, रात्री दमलेला माणूस कोण उपसत बसणार, म्हणाला उद्या बदलतो. दुसऱ्या दिवशीही उद्या. तिसऱ्या दिवशी सकाळी तो चालायला लागला तो कापसावर पाय ठेवल्यासारखा. "हवालदारसाब, पाय माझे वाटतच नाहीत."

मी पोचलो तोवर वीस मिनिटं उशीर झाला होता. त्याच्या जोडीदाराने मायेने बूट काढून त्याचे पाय बुखारीजवळ (शेगडीजवळ) शेकायला धरले होते आणि वरून रम चोळत बसला होता. पाय बघितले तर खरवसासारखे पांढरे, सुरकुतलेले, मोज्याची वीण कातडीवर छापल्यासारखी उमटलेली. आणि त्याला बुखारीची धग कळतच नव्हती, बधीर पायाला काय कळणार, म्हणून तो आणखी जवळ नेत होता. संध्याकाळपर्यंत फोड आले, पाय सुजून लाल, आणि मग जे दुखायला लागलं ते असं की पांघरुणाचा स्पर्श नको म्हणायचा. खाली हॉस्पिटलला पाठवला, दोन महिने गेले. अजून फोन करतो अधूनमधून, थंडी पडली की बोटं ठणकतात म्हणतो.

याला ट्रेंच फूट म्हणतात आणि याला बर्फ लागत नाही, हेच पोरांच्या डोक्यात शिरत नाही. शून्याच्या वर अगदी पंधरा डिग्रीपर्यंतसुद्धा होतं, फक्त पाय ओला पाहिजे, बूट घट्ट पाहिजे आणि अर्धा-पाऊण दिवस तसाच गेला पाहिजे. थंडीने पायातल्या रक्तवाहिन्या आवळतात, रक्त पोचत नाही, नसा मार खातात. पहिल्या महायुद्धात १९१४-१५ च्या हिवाळ्यात एकट्या ब्रिटिश फौजेत वीसेक हजार माणसं याने पडली. त्यावर त्यांनी पायाला व्हेलचं तेल लावायला दिलं आणि त्या तेलाचंच कौतुक अजून सांगतात, पण त्याच वेळी दिवसातून दोनदा मोजे बदलायचा हुकूम निघाला होता आणि जोडीजोडीने एकमेकांचे पाय तपासायचे होते. माझं मत विचाराल तर खरं काम त्या तपासणीने केलं.

झालंच तर काय करायचं? बूट-मोजे काढा, पाय टिपून कोरडे करा, चोळू नका, शेकू नका, फोड फोडू नका. कोरड्या कपड्यात सैल गुंडाळा, पाय थोडे उंच ठेवा, अंग गरम ठेवा, चालवू नका, डॉक्टरकडे पोचवा. रम नको. रमने पाय बरा झालेला मी बघितलेला नाही, फक्त रम संपलेली बघितली आहे.

माझी सवय सांगतो. मोज्याचे तीन जोड, एक पायात, एक कोरडा दुधाच्या धुतलेल्या पिशवीत गाठ मारून पिट्टूच्या वरच्या कप्प्यात (वरच्या म्हणजे वरच्या, तळाला नाही), आणि एक ओला जोड शर्टाच्या आत दोन्ही खांद्यांवर टाकलेला, अंगाच्या उबेने चालता-चालता वाळतो. पहिली दहा मिनिटं किळस वाटते, मग विसरायला होतं. रात्री काहीही झालं तरी कोरडा जोड घालूनच झोपायचं आणि झोपायच्या आधी टॉर्च मारून बोटांच्या बेचक्यात बघायचं.

आणि हे डोंगरातलंच आहे असं समजू नका. आमच्या इथे जुलैत बनियन दोन-दोन दिवस वाळत नाही, पोरं कालचेच ओले बूट घालून पामबीचला पळायला जातात आणि ऑगस्टमध्ये प्रत्येकाच्या पायाला चिखल्या. बेचक्यातली कातडी पांढरी, चिरलेली, वास. बुटात रात्री पेपर कोंबून ठेवा, शक्य असेल तर दोन बूट आलटून-पालटून वापरा. एवढं सांगितलं की म्हणतात, "सर, पावडर मारतो की." ओल्या पायावर पावडर मारली की चिखल होतो बाळा, आधी पूस, मग मार.

खाजेला मेडिकलवरून ट्यूब

ही दुसरी. जांघेत खाज आली की पोरं कुणाला सांगत नाहीत, लाज. कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये जाऊन हळूच "खाजेची ट्यूब द्या" म्हणतात. तो देतो ती तीन-चार औषधांची मिसळ, त्यात जोरदार स्टिरॉइड. दोन दिवसात खाज गायब, पोरगा खूश, मित्रालाही सांगतो. तिसऱ्या आठवड्यात तेच गजकर्ण दुप्पट होऊन येतं, कडा पुसट, पोटापर्यंत सरकलेलं, कारण स्टिरॉइडने खाज आणि लाली दाबली पण बुरशीला मोकळं रान मिळालं. वर्षभर लावत राहिलं तर कातडी पातळ होते, मांडीवर पांढरे ओरखडे पडतात ते जन्माचे. २०१८ मध्ये अशी बरीच स्टिरॉइडची क्रीमं शेड्यूल एच मध्ये टाकली, म्हणजे चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत. काउंटरवर काय चालतं ते तुम्हीच जाऊन बघा.

आमच्या ग्राउंडवरचाच एक, सोळाशे मीटर पाच मिनिटं वीस सेकंदांत मारायचा, भरतीच्या मेडिकल तपासणीत कपडे उतरवल्यावर टेम्पररी अनफिट. सहा महिने अशीच ट्यूब चोळत होता. मला आधी दाखवलं असतं तर स्किनच्या डॉक्टरकडे धरून नेलं असतं. मला म्हणतो, "सर, दोन दिवसात रिझल्ट येत होता ना." दोन दिवसात रिझल्ट, हीच तर सगळी बोंब आहे या पोरांची. सिक्स पॅक दोन महिन्यात, इंग्रजी एका महिन्यात, गजकर्ण दोन दिवसात.

साधी गोष्ट आहे. डॉक्टरने दिलेलं अँटिफंगल, डागाच्या बाहेर दोन सेंटिमीटरपर्यंत लावायचं आणि डाग गेल्यावरही पंधरा दिवस सोडायचं नाही. चड्डी सैल, सुती, रोज बदललेली, उन्हात किंवा इस्त्रीखाली वाळलेली. टॉवेल स्वतःचा. इंग्रज लोक याला धोबी इच म्हणायचे, आपल्या धोब्यावर ढकलून मोकळे. पण एका बाबतीत अंदाज चुकीचा नव्हता, बुरशी कपड्यातून, टॉवेलातून फिरते, बराकीत एकाला झालं की ओळीने सगळ्यांना.

आता बाकीच्या

टर्किश टॉवेल नेऊ नका. जाड, देखणा, एकदा भिजला की तीन दिवस कुबट आणि तोच परत जांघेला. साधा सुती पंचा न्या, अर्ध्या तासात वाळतो. मी एक पंचा मधून फाडून दोन करायचो आणि एकाच्या कोपऱ्याला गाठ मारायचो. गाठवाला कमरेच्या खालचा, बिनगाठीचा वरचा. अंधारात टॉर्च न लावता हाताला कळतं कुठला कुठला. हसायची पोरं मला, नंतर सगळ्यांच्या पंचाला गाठी.

मगभर पाण्यात आंघोळ येत नाही म्हणून अजिबात न करणं. दीड लिटर पुरतं. आधी तोंड आणि मान, मग काखा, मग जांघ, शेवटी पाय, हा क्रम उलटा करायचा नाही. पंचा ओला करून साबण जेमतेम, मग साध्या पाण्याने दोनदा पुसून काढायचं कारण राहिलेला साबणच घामात चावतो. पाठ राहिली तर राहू दे, पाठीने कुणी दवाखान्यात जात नाही.

डिओ मारून वेळ मारून नेणं. यावर मी बोलणारच नाही.

मातीच्या हाताला सॅनिटायझर चोळणं. माती, ग्रीस, घाण असली की त्याचा उपयोग होत नाही, साबण-पाणीच पाहिजे, वीस सेकंद. लंगरमध्ये थाळी घेण्याआधी आणि शौचाहून आल्यावर, एवढे दोन वेळा जरी नीट झाले तरी अर्धे जुलाब गेले. दुसरा अर्धा खड्ड्यात आहे. फिल्डमध्ये शौचाला शॅलो ट्रेंच, म्हणजे चर खणतात, तीस सेंटिमीटर रुंद, नव्वद तरी खोल, बाजूला मातीचा ढीग. ती माती बसून बघायला ठेवलेली नाही, प्रत्येकाने आपापल्यावर टाकायची. पोरं घाईत तशीच निघून येतात, माशी तिथून उठते आणि थेट भातावर. फळीवर खुरपं ठेवलेलं असतं, हात लावायला जीव जातो यांचा.

ओढा दिसला की उड्या मारणं. पिण्याचं पाणी वरच्या अंगाला घ्यायचं, आंघोळ आणि कपडे खालच्या अंगाला, आणि पायाला जखम असेल तर साचलेल्या पाण्यात उतरायचंच नाही. २६ जुलै २००५ ला ठाण्या-मुंबईत जे कमरेभर पाण्यातून चालले त्यांना विचारा, पूर ओसरल्यावर लेप्टोच्या तापाने किती घरं हलवली. उंदराचं मूत पाण्यात, आपली चिरलेली टाच पाण्यात, बाकी काही लागत नाही.

ब्लेड, वस्तरा दुसऱ्याचा वापरणं. नाही. हिपॅटायटिस बी रक्तातून जातो, विषय संपला.

गवतात बसून बनियनवर आराम. स्क्रब टायफसचा किडा, म्हणजे माइटची पिल्लं, डोळ्याला दिसत नाहीत, चावलेल्या जागी काळी खपली आणि आठ-दहा दिवसांनी ताप. डीबीपी (किडे दूर ठेवणारं औषध) लावलेले कपडे घालायला सांगितलं की त्याचा वास नको म्हणून धुऊन टाकणारे महाभाग मी बघितलेत. तापात आलात तर ती खपली शोधा, काखेत, जांघेत, कमरपट्ट्याखाली, आणि डॉक्टरला दाखवा. वेळेवर कळलं तर डॉक्सीसायक्लिनने बरं होतं.

मुलींसाठी एक. २०२१ मध्ये लष्करी पोलिसांत महिलांची पहिली तुकडी ट्रेनिंग पुरं करून बाहेर पडली, आता आमच्या ग्राउंडवरही सात-आठ पोरी आहेत. त्या आडोसा नाही म्हणून पाणीच पीत नाहीत, दिवसभर लघवी धरून ठेवतात, मग जळजळ, ताप, आणि उन्हात चक्कर. आडोसा मागा, भांडून मागा, पण पाणी सोडू नका. पॅड आणि कागदी पिशव्या मोज्यांसारख्याच वरच्या कप्प्यात.

अंग धुतलं आणि कपडे तेच घातले, हेही चालतं असं वाटणं. शार्ल निकोल नावाचा फ्रेंच डॉक्टर ट्युनिसमध्ये होता, त्याच्या लक्षात आलं की टायफसचा (वरचा स्क्रब नव्हे, दुसरा) रोगी हॉस्पिटलच्या दारापर्यंत येईपर्यंत इतरांना रोग देतो, त्याचे कपडे हाताळणाऱ्यालाही देतो, पण आंघोळ घालून, कपडे काढून घेऊन वॉर्डात नेला की देणं थांबतं. म्हणजे गुन्हेगार कपड्यात. १९०९ मध्ये त्याने उवांवर बोट ठेवलं, १९२८ मध्ये नोबेल मिळालं. अंगावरच्या उवा शिवणीत राहतात, त्यामुळे पाणी थोडंच असेल तर मी आधी चड्डी-बनियन-मोजे धुतो, उरलेल्यात अंग पुसतो. शिवणीवरून गरम इस्त्री, किंवा कडक उन्हात उलटं करून.

त्या आईला मी एवढंच सांगितलं होतं, काकू, गरम पाण्याचं सोडा, बॅगेतला तो लाल टॉवेल काढा आणि दोन पंचे टाका. हो म्हणाली. गेल्या रविवारी पोराचा सेंटरवरून फोन आला, दोन मिनिटंच मिळतात त्यांना. म्हणाला, "सर, पंचे आहेत, पण आईने टॉवेलपण टाकलाय गुपचूप. बुधवारी धुतलेला, अजून ओलाच आहे."